सातव्याचे ठिपके

१

दोन दारांच्या मधे पाच पावलांची एक गल्ली होती. आतलं दार माकडांच्या खोलीचं, बाहेरचं माणसांचं. आतलं लावल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही, आणि बाहेरचं उघडण्याआधी मागे वळून बघायचं, पाठोपाठ कुणी आलंय का. अकरा वर्षं फौजदारबाईने हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला होता आणि अकरा वर्षांत एकही माकड तिच्या मागून निसटलं नव्हतं.

फौजदारबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंडावर सगळे मावशीच म्हणत. पण तिच्या चपलांचा आवाज आला की टेबलावरचे उष्टे कप आपोआप बेसिनमध्ये जात, म्हणून पाठीमागे फौजदारबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

खोली दोन मजले उंच. दोरखंड, फळ्या, मधोमध टांगलेला एक टायर. एका बाजूला पूर्ण काच आणि काचेच्या अलीकडे संगणक. आत सहा माकडं मोकळी. गळ्यात पट्टा नाही, पायात साखळी नाही, अंगावर रंगाची खूण नाही. त्यांच्यावर नजर ठेवायला आठ कॅमेरे होते, नववा गल्लीत. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक माकडाच्या अंगावर तेरा ठिपके उमटत, ठिपके रेघांनी जोडलेले. माकडाने उडी मारली की पडद्यावर काड्यांची बाहुली उडी मारायची. ढब्बूची लाल, काजळीची निळी, असे सहा रंग. कोण कुणाजवळ बसतं, कोण आजारी पडण्याआधी कसं चालतं, ते म्हणे या काड्यांवरून कळतं. ‘मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं,’ फौजदारबाई म्हणायची, ‘आणि मला वीज लागत नाही.’

त्या सकाळी तिने नेहमीसारखी फळं दाखवून माकडं शेजारच्या छोट्या खोलीत घेतली, एक ते सहा मोजली, सरकतं दार खाली पाडलं आणि झाडू हातात घेतला. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. पलीकडे ठिपकेवाला. संगणकाचं सगळं हाच बघायचा, आणि हे नाव फौजदारबाईने ठेवलेलं.

‘मावशी, सहाही तिकडे गेली ना?’

‘नाही, दोन ठेवलीत झाडू मारायला. गेली की! का?’

ठिपकेवाल्याने पडद्याकडे बघितलं, मग खोलीकडे.

‘मग टायरवर कोण बसलंय?’

फौजदारबाईने वळून बघितलं. टायर रिकामा होता. हलत होता जरासा. झाडूचा दांडा लागला असेल, तिने स्वतःला सांगितलं. झाडू तिने तेव्हा नुकताच उचलला होता.

२

ती काचेपलीकडे जाऊन बघेपर्यंत पडद्यावर ते होतंच. टायरच्या कडेला तेरा ठिपके, राखाडी. ज्याचं नाव ठाऊक नाही त्याला यंत्र राखाडी रंग देतं. बाहुली एवढीशी, फौजदारबाईच्या अंगठ्याएवढी.

‘सावली असेल. नाहीतर काचेतलं प्रतिबिंब,’ ठिपकेवाला म्हणाला.

‘असेल,’ फौजदारबाई म्हणाली, पण पडद्यावरची नजर काढली नाही. कारण ती बाहुली तिने ओळखली होती.

यंत्राला आधी शिकवावं लागतं. हजारो फोटो समोर घ्यायचे आणि प्रत्येक माकडावर माउसने तेरा ठिपके द्यायचे: नाक, टाळू, मान, दोन खांदे, दोन हात, कंबर, दोन गुडघे, दोन पाय, शेपटीचं टोक. वर हे माकड कोणतं तेही सांगायचं. इथेच मोठ्या शिकलेल्यांच्या नाकी नऊ आले; त्यांना सगळी माकडं सारखीच दिसत. शेवटी प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी फौजदारबाईला बसवलं. ‘चौथी झालेय माझी,’ ती म्हणाली, ‘पण आपल्या घरची माणसं ओळखायला कुणी पाचवीत जात नाही.’

ठिपकेवाल्याने तिला एक नियम शिकवला होता. एखादा हात दुसऱ्या माकडाच्या आड गेला, दिसेनासा झाला, तरी ठिपका सोडायचा नाही. तो जिथे असणार तिथे द्यायचा. ‘दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं, मावशी.’

गेल्या वर्षी काजळीचं पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. काजळीने ते सोडलं नाही. अकरा दिवस कधी हातात, कधी पाठीवर टाकून फिरली. पडू नये म्हणून एक हात मागे वळवून धरायची. त्या अकरा दिवसांचे फोटो पुढे फौजदारबाईसमोर आले. सांगितलं होतं, जिवंत सहाच घ्या. तिने सातवं घेतलं. फोटोत त्याची मान लोंबत होती, हात सुटलेले होते. तिने ते तसे दिले नाहीत. जिथे असायला हवे होते तिथे दिले: डोकं वर, दोन्ही हात आईच्या खांद्याला घट्ट. दोनशे बारा फोटो. आणि कुणाला सांगितलं नाही.

का, म्हणाल तर तिच्या लेकीचं पहिलं बाळही तिसऱ्याच दिवशी गेलं होतं. सगळे म्हणाले, ते धरू नका, पुढचं बघा. कुणी विचारलं, मुलं किती, तर लेक मान खाली घालून म्हणायची, अजून नाही. दरवेळी फौजदारबाईच्या तोंडात ‘एक’ येऊन परत जायचं.

आता पुढचं आलं होतं. चार महिन्यांची नात. फौजदारबाई कामावरून घरी गेली की आधी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची, मग चपला काढायची. उंबऱ्यात पायात चपला घालून उभ्या असलेल्या आईला लेक हसायची. फौजदारबाई हसायची नाही.

३

सावली असती तर एका जागी राहिली असती.

राखाडी बाहुली काजळीच्या मागे मागे असायची. कधी तिच्या पाठीवर, कधी पोटाशी. फौजदारबाईने पडद्यावर अंगठा टेकवून मापून ठेवलं होतं. आठ दिवसांत बाहुली अंगठ्याच्या वर गेली. पंधरा दिवसांत तिच्या मधल्या बोटाएवढी झाली.

‘वाढतंय रे ते.’

‘कॅमेऱ्यापासून जवळ-लांब गेलं की लहान-मोठं दिसतं, मावशी.’

‘मग ढब्बू का वाढला नाही?’

ठिपकेवाल्याने चष्मा पुसला.

तिने पडदा सोडून काचेतून बघायला सुरुवात केली. डोळे तिचे स्वतःचे, त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. सगळी माकडं वरच्या फळीवर ओळीने बसत. पूर्वी खेटून बसायची. आता काजळी आणि ढब्बूच्या मधे वीतभर जागा सुटलेली असायची, आणि ढब्बूसारखा आडदांड गडी, फळ हिसकावताना आईबाप न बघणारा, तोही ती जागा घेत नव्हता. काजळीचा एक हात मागे वळलेला असे. वर्षभरापूर्वी असे तसाच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत काजळी अगदी काचेला टेकून बसली होती, पाठ इकडे करून. फौजदारबाई डबा घेऊन तिच्यामागे बसली. मधे फक्त काच. आणि तिने बघितलं, काजळीच्या पाठीवरच्या केसांत भांग पडत होता. बोटभर लांब. केस दोन्हीकडे दुमडत, खालची गुलाबी कातडी दिसे, मग केस मिटत आणि अर्ध्या बोटावर दुसरा भांग पडे. ऊ शोधताना माकडं एकमेकांच्या केसांत असाच भांग पाडतात. काजळी डोळे मिटून बसली होती. तिच्या आसपास एकही माकड नव्हतं.

एसीची हवा असेल.

फौजदारबाई उठून छताखालच्या जाळीकडे बघून आली. एसी दुसऱ्या भिंतीला होता. परत आली तेव्हा भांग थांबला होता आणि काजळीने मान वळवली होती. तिच्या खांद्यावरून, काजळीच्या नजरेच्या जरासं खालून, आणखी कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं फौजदारबाईला वाटलं. तिने डबा झाकला. त्या दिवशी ती जेवली नाही.

४

‘मावशी, एक विचारू? रागवू नका.’

‘विचार. राग मग ठरवते.’

ठिपकेवाल्याने शिकवणीचे जुने फोटो उघडले होते. ‘दोनशे बारा फोटोंत सातवं आहे.’

‘दिलंय मी.’

‘का पण?’

‘होतं म्हणून.’

‘अहो, मेलेलं होतं ना?’

‘मेलेलं म्हणजे नव्हतं का?’

त्याने माउस बाजूला ठेवला. माणूस वाईट नव्हता. मग हळू म्हणाला, ‘तुम्ही ते जिवंत असल्यासारखं दिलंय. यंत्र तेच शिकलं. काजळीजवळ एक पिल्लू असतंच, असं त्याला वाटतं. दिसलं नाही तर असायला हवं तिथे काढतं.’

‘आणि वाढतंय ते?’

‘अंदाज बांधत असेल. पिल्लं वाढतात, हेही शिकलं असेल कुठून तरी.’ त्याचा स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास नव्हता. ‘ते सोडा. मॅडम म्हणतायत, गोंधळ सगळा काजळीभोवती आहे, तिलाच एकट्या पिंजऱ्यात हलवू. नाहीतर हे ठिपके पुसायचे, यंत्राला नव्याने शिकवायचं.’

एकट्या पिंजऱ्यातलं माकड किती दिवस खातं ते फौजदारबाईने बघितलं होतं. ‘पुसते,’ ती म्हणाली. ‘माझं मी निस्तरते.’

खरं सांगायचं तर तिला काजळीची काळजी होती आणि त्या भांगाची भीती होती. त्यातलं जास्त काय होतं ते तिने स्वतःला विचारलं नाही.

दोन दिवस लागले. फोटो उघडायचा, राखाडी बाहुली निवडायची, बटण दाबायचं. ‘नक्की पुसायचं?’ असं यंत्र दरवेळी विचारायचं. दरवेळी हो म्हणायचं. दोनशे बारा वेळा. काजळी दोन्ही दिवस काचेपाशी बसून होती. ओरडली नाही, दात दाखवले नाहीत. फक्त फौजदारबाईच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

शेवटचा फोटो पुसला तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. काजळीचा मागे वळलेला हात सुटला. पुढे आला आणि तळवा वर करून फरशीवर पडून राहिला.

फौजदारबाईने डोळे पुसले, बादली उचलली आणि संध्याकाळची सफाई करायला आत गेली. माकडं शेजारच्या खोलीत घेतली. सहा मोजली. टायर पुसताना तिचा डावा खांदा एकाएकी भरून आला. निघताना तिने गल्लीत आतलं दार लावलं, मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं, बाहेरचं उघडलं. दोन दिवस माउस धरून बसल्यावर खांदा धरणारच, ती म्हणाली. माउस आपण उजव्या हाताने धरतो, हे तिच्या ध्यानात आलं ते बसमध्ये बसल्यावर.

५

सकाळी उठली तर खांदा पिसासारखा हलका. रात्रभराच्या झोपेने काम केलं, म्हणत ती खुशीत निघाली. नात जागी होती, छताकडे बघून हात हलवत होती.

कामावरही आनंदच. यंत्र रात्रीत नव्याने शिकलं होतं. पडद्यावर सहा बाहुल्या, सहा रंग. राखाडी कुठेच नाही.

‘फत्ते!’ ठिपकेवाला म्हणाला. ‘बसा, तुम्हाला गंमत दाखवतो. कालची गल्ली. ही जुन्या शिकवणीने टिपलेली आहे हां. यंत्राने जाता जाता शेवटची माती खाल्ली.’

पडद्यावर गल्ली. वेळ साडेचार. फौजदारबाई आतून येते. तिच्या अंगावर एकही ठिपका नाही. माणसं यंत्राला शिकवलेलीच नव्हती. पण तिच्या पाठीवर तेरा ठिपके होते, राखाडी. डोकं वर. दोन्ही हात तिच्या डाव्या खांद्याला घट्ट.

पडद्यावरच्या फौजदारबाईने आतलं दार लावलं आणि मागे वळून बघितलं. पाठीवरचं तिच्याबरोबर वळलं. पाठोपाठ येणाऱ्यासाठी तो नियम होता. पाठीवरच बसून येणाऱ्यासाठी कुणी नियम केलेलाच नव्हता, कितीही वळा. तिने बाहेरचं दार उघडलं आणि दोघं निघून गेली.

ठिपकेवाला हसत होता. मग त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसायचा थांबला.

‘आज सकाळची गल्ली दाखव,’ ती म्हणाली.

‘काही नाही त्यात. नवी शिकवण आहे आता, ते दिसणारच नाही.’

दिसणारच नाही. म्हणजे ते गेलं नव्हतं. ते आहे असं सांगणारं एकच यंत्र होतं, आणि त्याला तिने दोन दिवस बसून गप्प केलं होतं.

‘जुन्या शिकवणीवर चालव.’

‘ती काढून टाकली, मावशी.’

‘तू? तुझ्या खणात तीन वर्षांपूर्वीची बिस्किटं आहेत. तू काही काढून टाकत नाहीस. चालव.’

दहा मिनिटं लागली. पडद्यावर आठ वाजले. बाहेरचं दार उघडलं. फौजदारबाई आत आली, रुमालाने मान पुसली, आतल्या दाराकडे वळली, पाठ कॅमेऱ्याकडे झाली.

पाठ मोकळी होती.

‘हे बघा, सुटलं एकदाचं!’ ठिपकेवाला म्हणाला.

पण ती उठली होती. काल जाताना होतं. आज येताना नव्हतं. मधे एकच जागा होती.

६

लेकीने फोन लगेच उचलला.

‘बाळ कुठंय?’

‘इथेच आहे, दुपट्यावर. अगं आई, आज काय शहाणी झालीय! सकाळपासून एकदाही रडली नाही. एकटीच खेळतेय.’

‘उचल तिला.’

‘आत्ता कुठे जरा हात मोकळे...’

‘उचल म्हणते ना!’ आणि दुसऱ्याच क्षणी अकरा वर्षांचं काम तिच्या आतून ओरडलं. माकडाने धरलेलं मूल ओढायचं नसतं. ओढलं की ते आणखी घट्ट धरतं. ‘नको! ऐक, उचलू नकोस. हातही लावू नकोस. पंखा, खिडकी, जे आहे ते तसंच राहू दे. मी येतेय.’

‘आई, तू घाबरवतेयस मला.’

‘घाबर. पण हलू नकोस.’

घरी पोचली तेव्हा सव्वाअकराचं लख्ख ऊन पडलं होतं. दार उघडंच. लेक भिंतीला टेकून उभी, तोंडावर हात. पंखा बंद होता, खिडकी लावलेली होती.

नात दुपट्यावर उताणी पडून हसत होती. तिचं जावळ अजून मऊ, रेशमासारखं. त्यात भांग पडत होता. बोटभर लांब. केस दोन्हीकडे दुमडत, टाळूची गुलाबी कातडी दिसे, मग केस मिटत आणि जरा पुढे दुसरा भांग पडे. अगदी हलक्या हाताने.

‘सकाळपासून हेच चाललंय का ग?’ तिने पुटपुटत विचारलं.

‘मला वाटलं... वारा असेल,’ लेक म्हणाली. ‘आई, काय आहे ते?’

ते फौजदारबाईलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच की आईविना राहिलेलं पिल्लू परत कसं घेतात. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. हात पुढे करायचा नाही. पाठ त्याच्याकडे करून जमिनीवर बसायचं आणि थांबायचं. यायचं की नाही ते त्याने ठरवायचं.

तिने चपला काढल्या नाहीत. नातीकडे पाठ केली आणि फरशीवर बसली.

‘ये,’ ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, ‘ये बाबा. माझी चूक झाली. मीच बोलावलं आणि मीच पुसलं. तिला सोड, ती आमची आहे. तुला घरी नेते, काजळीकडे. पुन्हा देते तुझे ठिपके. दोनशे बाराच्या दोनशे बारा.’

खोलीत काही हललं नाही. मागे नातीचं हसू थांबलं. लेकीने श्वास आत घेतला आणि सोडलाच नाही. फौजदारबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

मग डावा खांदा भरून आला.

आणि मागे नात रडायला लागली. मोठ्याने, टाहो फोडून, भुकेल्या पोरासारखी. इतका गोड आवाज फौजदारबाईने आयुष्यात ऐकला नव्हता.

‘आता घे तिला,’ ती म्हणाली. ‘पदराखाली घे. आणि माझ्याकडे बघू नकोस.’

‘तू कुठे चाललीस?’

‘कामावर. एक मोजायचं राहिलंय.’

ती जपून उठली, पाठ वाकवून, आणि रस्त्यावर आली. लोक नेहमीसारखे येत-जात होते. कोपऱ्यावर दुकानाची मोठी काच होती. तिथून जाताना तिने मान दुसरीकडे फिरवली. इथे रस्त्यावर यंत्र काही सांगणार नव्हतं. काजळी त्याला घेईल का, ठाऊक नव्हतं. दोन दिवसांचं काम होतं, आणि ते दोन दिवस हे असंच पाठीवर.

मानेच्या मागे, अंबाड्याच्या खाली, केस हळूच दोन्हीकडे दुमडले. ती चालत राहिली. रस्त्यात खड्डा आला, ती जराशी धडपडली, आणि पडू नये म्हणून तिचा डावा हात आपसूक मागे गेला, आधार द्यायला.

हाताला आधार देण्याजोगं काहीतरी लागलं.